लाइट लागतो, पण अर्थिंग आहे का?



बल्लारपूर, राजुरा, वरोरा, देसाईगंज, आरमोरी, अहेरी, आलापल्ली. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही गावात जा, आपल्या समाजाची दोन-चार घरे अशी सापडतातच, ज्यांच्या अंगणात टिनाचे शेड आहे आणि त्या शेडमध्ये गॅरेज आहे. कोणी मोटारसायकली दुरुस्त करतो, कोणी पंक्चर काढतो, कोणी बॅटऱ्या चार्ज करून देतो. घर आणि धंदा यांच्यामध्ये एकच दार असते. त्या दारातून मुले ये-जा करतात, घरातली बाई चहा घेऊन येते आणि त्याच दाराच्या चौकटीवरून घरातली वीजही शेडमध्ये जाते. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून या महिन्यात त्या विजेबद्दल.

ही वीज शेडमध्ये कशी जाते ते पाहा. घरातल्या बोर्डातून दोन तारा काढलेल्या असतात. त्या खिळ्यावरून, कपड्यांच्या तारेला वेढा देऊन, टिनाला पाडलेल्या भोकातून आत येतात. आत एका लाकडी फळीवर एक होल्डर, दोन सॉकेट आणि त्यातून निघालेला एक लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड. विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, "सर, लाइट तर लागतो ना!"

लाइट लागतो हे खरे. पण लाइट लागायला दोनच तारा पुरतात, फेज आणि न्यूट्रल. माणूस वाचायला तिसरी लागते. ती तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, नसली तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, कॉम्प्रेसर चालतो. वर्षानुवर्षे काहीच अडत नाही, आणि म्हणूनच ती कोणी टाकत नाही. ज्या दिवशी अडते, त्या दिवशी घरातले माणूस जाते.

मीटरच्या पुढे मालक आपण

विजेच्या बाबतीत आपला जिल्हा गरीब नाही. दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आज २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. इथली वीज चंद्रपूर ते पडघे या ७५२ किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत जाते. इतक्या दूरच्या प्रवासात त्या विजेवर पावलोपावली इंजिनिअर लक्ष ठेवून असतात. आपल्या घरी मात्र मीटर ओलांडला की तिच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. मीटरच्या पुढची तार, बोर्ड, सॉकेट, अर्थिंग यांची जबाबदारी घरमालकाची. शेवटचे वीस-पंचवीस फूट आपले आहेत, आणि शेडमधले अपघात याच वीस-पंचवीस फुटांत होतात.

एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही

अनेकांचा समज असा की घरात एमसीबी बसवला म्हणजे शॉकची भीती गेली. हा समज महागात पडतो. थोडा हिशेब करू. शाळेत सातवी-आठवीच्या मुलालाही हा हिशेब येतो.

सात वॅटचा छोटा नाइट लॅम्प २३० व्होल्टवर साधारण ३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. एवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकते. आता १६ अँपिअरचा एमसीबी घ्या. १६ अँपिअर म्हणजे १६००० मिलिअँपिअर, जिवाला धोका असलेल्या प्रवाहाच्या पाचशे पटींहून जास्त. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. माणूस तारेला चिकटलेला असला तरी एमसीबी पडत नाही. त्याचे काम वेगळे आहे. तार तापून जळू नये, घराला आग लागू नये, हे तो पाहतो.

माणसासाठी असते ते आरसीसीबी. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते सतत मोजते. थोडा जरी प्रवाह अंगातून, भिंतीतून किंवा टिनातून जमिनीत उतरला तर फरक पडतो, आणि क्षणार्धात पुरवठा बंद होतो. घरासाठी आणि शेडसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घ्यावे. त्याची किंमत साधारण मोटारसायकलच्या एका टायरइतकी असते. त्यावर 'टी' अक्षराचे एक बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे, लाइट गेला म्हणजे उपकरण जिवंत आहे.

"सर, ते सारखे पडते, म्हणून काढून टाकले," असेही ऐकू येते. आरसीसीबी सारखे पडते म्हणजे कुठेतरी वीज गळते आहे, किंवा न्यूट्रल चुकीच्या जागी जोडला आहे. दोष शोधायचा सोडून आरसीसीबी काढणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणे. आणखी एक लक्षात ठेवा. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला तो माणूसही बल्बासारखाच दिसतो, ते पडेलच असे नाही. म्हणून आरसीसीबी आहे या भरवशावर चालू तारेला हात लावू नये.

अर्थिंग असले तरी आरसीसीबी का हवे, हेही हिशेबाने कळते. समजा अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. कॉम्प्रेसरच्या लोखंडाला फेज लागला तर जमिनीत २३ अँपिअर जातील, आणि १६ चा एमसीबी पडायला वेळ लावेल. उन्हाळ्यात जमीन सुकून रोध ५० ओहम झाला तर जातील फक्त साडेचार अँपिअर. तेवढ्याने एमसीबी कधीच पडणार नाही, आणि कॉम्प्रेसर तसाच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र दोन्ही वेळा लगेच पडेल. म्हणून शेडमध्ये तिन्ही गोष्टी हव्यात: अर्थिंग, एमसीबी आणि आरसीसीबी. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

टीन आणि कपड्यांची तार

आपल्याकडचे गॅरेज विटांचे कमी आणि टिनाचे जास्त. टिनाच्या भोकाची कड पात्यासारखी असते. वाऱ्याने पत्रा हलतो आणि त्या कडेवर तारेचे प्लास्टिक घासत राहते. एक दिवस तांबे टिनाला टेकते. त्या क्षणापासून चारही भिंती, छप्पर, लोखंडी खांब आणि दार सगळे जिवंत होते. कोरड्या दिवसात, पायात चप्पल असताना हलकी झिणझिण जाणवते आणि आपण दुर्लक्ष करतो. पहिल्या पावसात पाय ओले झाले की तीच झिणझिण जीव घेते.

यात सर्वांत जास्त धोका कोणाला? गॅरेजमध्ये काम करणाऱ्याच्या पायात निदान बूट-चप्पल असते. घरातल्या बाईच्या हातात ओले कपडे असतात आणि पाय अनवाणी असतात. कपडे वाळत घालायची लोखंडी तार एका टोकाला घराच्या खुंटीला आणि दुसऱ्या टोकाला शेडच्या खांबाला बांधलेली असते. शेड जिवंत झाले की ती तारही जिवंत. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात अशा तारेने बायका जातात, आणि त्यांना सोडवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही त्यांच्यासोबत जातो. उपाय अगदी सोपा आहे. लोखंडी तार आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. विजेची केबल कपड्यांच्या दोरीवरून कधीही नेऊ नका. ती प्लास्टिकच्या पाइपातून न्या, आणि टिनातून जिथे आत शिरते तिथे रबरी बूच बसवा.

कूलरचेही तेच. चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे लोखंडी कूलर ही आपली गरज आहे. लोखंड, पाणी आणि वीज एकाच पेटीत. त्याला तीन पिनांचा प्लग आणि त्या प्लगमागे खरे अर्थिंग नसेल, तर पाणी भरताना कूलरचा प्लग काढण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. बटन बंद करणे पुरेसे नाही. बटन चुकून न्यूट्रलवर जोडलेले असेल तर पंखा थांबतो, पण फेज आतच राहतो.

शेडची वायरिंग कशी करून घ्यावी

आधी कागदावर हिशेब मांडा. तीन एलईडी ट्यूब ६० वॅट, कूलर २००, ग्राइंडर ८००, एक एचपीचा कॉम्प्रेसर सुमारे १०००, इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर ७००. एकूण २७६० वॅट. २३० ने भागले तर १२ अँपिअर. शिवाय मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. हा बोजा घरातल्या दिव्यांच्या बोर्डावरून काढलेल्या बारीक तारांना पेलणारा नाही. वेल्डिंग मशीन असेल तर हिशेबच वेगळा. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो पाहा आणि कमी असेल तर वाढवून घ्या. घरगुती मीटरवर धंदा चालतो का, हेही महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर मानले आहे.

मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन घ्यावी. तीन तारा: फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. शेडच्या दाराजवळ, हात सहज पोहोचेल अशा जागी छोटा बोर्ड, त्यात आरसीसीबी आणि त्यानंतर वेगवेगळे एमसीबी. दिव्यांना दीडची वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी. सॉकेटला अडीचची वायर आणि १६ चा एमसीबी. कॉम्प्रेसरला स्वतंत्र चारची वायर. वायर तांब्याची, आयएसआय खुणेची, म्हणजे आयएस ६९४ ची. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका आणि किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळू नका. तसे केले की फ्यूज वाचतो आणि भिंतीतली तार जळते.

सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर घ्या. याची दोन कारणे आहेत. एक पावसाचे पाणी. दुसरे पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर पसरते, आणि खाली असलेल्या सॉकेटच्या ठिणगीने पेटते. बॅटरी चार्ज करताना निघणारा हायड्रोजन याच्या उलट, हलका, तो छपराखाली साचतो. म्हणून बॅटरी चार्जिंगच्या जागी वर हवा जायला फट हवी. एकच शेड वरून आणि खालून दोन्हीकडून पेटू शकते, हे गॅरेजवाल्यांनी कायम ध्यानात ठेवावे.

हातातल्या यंत्रांपैकी ज्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दोन पिनांचा प्लग चालतो, कारण त्याला दुहेरी इन्सुलेशन असते. बाकी लोखंडी अंगाच्या प्रत्येक यंत्राला तिसरी पिन हवीच. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवू नका.

अर्थिंगचा खड्डा

खड्डा खणायला वायरमन लागत नाही, घरचे हात पुरतात. भिंतीपासून चार-पाच फूट दूर, शक्यतो मोरीच्या पाण्याची ओल राहते अशा जागी, सुमारे अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप उभा गाडतात. भोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात आणि वर पाणी ओतायला तोंड ठेवतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला सोडते, आणि अर्थिंग नावापुरते उरते. म्हणून मार्च ते जून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी त्या तोंडातून ओता. वुजूचे पाणी त्या बाजूला वळवता आले तर आणखी उत्तम.

पाइप गाडला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. रोध किती आहे हे वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहण्याची पद्धत सोडून द्या. आणि अर्थिंगलाच न्यूट्रल म्हणून वापरण्याची जी युक्ती गावोगाव चालते, ती तर कधीच करू नका. त्याने घरातल्या प्रत्येक यंत्राच्या लोखंडी अंगावर वीज येऊ शकते.

काम कोणी करायचे?

बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे एवढे काम मेन बंद करून घरच्या माणसाने करायला कायद्याची हरकत नाही. नवी लाइन टाकणे, बोर्ड बसवणे, वायरिंगमध्ये फेरबदल करणे हे काम केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे परवानाधारक ठेकेदार आणि त्याच्या जाणकार माणसांनीच करायचे असते.

"दोनशे रुपयांत आपला पोऱ्या करून देतो" म्हणणाऱ्यांना आम्ही दीनची एक गोष्ट आठवण करून देतो. वैद्यकी न शिकता इलाज करणारा, रोग्याला इजा झाली तर जबाबदार ठरतो, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. विजेचे काम याहून वेगळे नाही. न शिकता हात घालणारा जबाबदार आहे, आणि पैसे वाचवायला त्याला बोलावणाराही आपल्या घरच्यांच्या जिवाबद्दल उत्तर देणार आहे.

यातूनच एक रोजगारही दिसतो. दहावीनंतर पुढे काय, असे पालक आम्हाला दरवर्षी विचारतात. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम शिकलेल्या मुलांकडे हुनर असते, कागद नसतो. त्यांनी तो कागद आणि वायरमनचा परवाना मिळवला, तर मोहल्ल्यातली कामे सुरक्षित होतील आणि त्यांना ठेकेही मिळतील.

शेडमधून बाहेर जाणारी तार

जंगलाच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शेड गावाच्या कडेला असते, शेत मागेच असते, आणि रानडुकरे धान खातात. मग रात्री शेडच्या बोर्डातून एक उघडी तार शेताभोवती फिरते. त्या तारेने डुक्कर मरते, वाघही मरतो. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात 'श्रीनिवास' या नावाने ओळखला जाणारा तरुण वाघ अशाच तारेने गेला. आणि पहाटे पाण्याला निघालेला शेजारीही जातो. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, त्याचा राग समजतो. पण कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजा करू नये, हे आपल्या शरीअतचे मूळ तत्त्व आहे. सौर कुंपणाचे झटका मशीन क्षणभराचा झटका देते, जनावर पळते, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते. वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

आकड्याची वीजही अशीच. कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्याच्या आधी हलाल-हरामचा प्रश्न येतो. चोरीच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची कमाई मुलांच्या ताटात कशी वाढायची? शिवाय आकड्याच्या विजेला आरसीसीबी नसते, अर्थिंग नसते. ती दुनियेतही मारते.

झटका बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने तार दूर करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. मदत येईपर्यंत थांबू नका. खांबावरची तार तुटली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

रात्री झोपण्याआधी दिवा विझवा, कारण उंदीर जळती वात ओढून नेतो आणि घर पेटवतो, असे आपल्या प्रेषितांनी (स.) चौदाशे वर्षांपूर्वी बजावले. आज वात राहिली नाही, उंदीर आहे, आणि तो शेडमधली तार कुरतडतो. तेव्हा झोपताना शेडचा मेन बंद करा, स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावू नका. तवक्कुल अल्लाहवर ठेवायचा, पण हाताशी असलेला उपाय करूनच. या आठवड्यात तीन कामे करा: लोखंडी तारेच्या जागी दोरी बांधा, 'टी' बटन दाबून पाहा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. बटनच सापडले नाही, तर ते कोणत्या दुकानातून आणायचे हे आता तुम्हाला माहीत आहे.

अल्लाह आपल्या घरांना आणि घरातल्या प्रत्येक जिवाला आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.